वाऱ्याच्या खालच्या अंगाला

चहा पाजलात ना? मग आता माझी फजितीही ऐका! निजामाच्या राज्यातली गोष्ट. त्या साली आमच्या माजलगावाकडं खोकल्याची साथ आली होती. हकीमसाब घरोघर बजावायचे, "खोकणाऱ्याच्या वाऱ्याला बसू नका. बला वाऱ्यासंगं चालती."

हे ऐकून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कशामुळं? सर्जामुळं!

सर्जा आमच्या गावचा हुतुतूचा गडी. मला त्याचं काही म्हणजे काही बघवत नसे. त्याचा दम, त्याचा फेटा, मेल्याच्या मिशासुद्धा डोळ्यांत सलायच्या! त्यात चकलांब्याचे किसनतात्या आमचा सामना बघायला येणार होते, जावई हेरायला. त्यांच्या गोदीवर माझा जीव जडलेला. आणि आदल्या दिवशीच सर्जाला खोकताना मी ऐकलं होतं.

सिंदफणेच्या वाळूत डाव मांडला. वारं मावळतीचं, माझ्या पाठीमागून. मी खळ्यावर वाऱ्यात धान्य उपणणारा माणूस, भूस कुठं पडणार हे मला कुणी शिकवावं?

"सर्जाला खोकला हाय!" मी बोंब ठोकली. "वाऱ्याच्या खाली बसू नका, समदे माझ्या मागं बसा!"

झालं! सगळं गाव माझ्या बाजूला. किसनतात्या तर अगदी पुढं. सर्जाच्या अंगाला एक कुत्रं तेवढं उरलं. काय गार वाटलं म्हणून सांगू!

तात्यांना दम दिसावा म्हणून मी भलामोठा आ करून "हुतुतुतु" करत घुसलो. आणि वारं फिरलं! मूठभर वाळू थेट घशात. असा ठसका लागला की दम तुटला, मी बाद, आणि वाकून खोकतोय तो नेमका वाऱ्यावर, तात्यांच्या दिशेनं!

"आरं, खोकला तर ह्यालाच हाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

"न्हाई वो, वाळू गेली... ख्खॉक्!"

तात्यांनी उपरणं नाकाला लावलं. "तूच म्हनलास ना बे, वाऱ्याच्या खाली बसू नका म्हनून?"

सगळं गाव उठून सर्जाकडं गेलं. कुत्रं तेवढं माझ्याकडं आलं.

"मला कशाचा खोकला?" सर्जा हसत म्हणाला. "काल आई मिरच्या कांडत हुती." वर मेल्यानं मला पाणी आणून दिलं. त्यानं तर मी लईच जळालो.

गोदीचं लग्न सर्जाशी झालं, हे सांगायला नकोच. पंगतीत तात्यांनी मला लांब, एकट्याला बसवलं. "नामदेवा, तू हितंच बस बाबा. वारं तिकडून हाय."

वाढपी काही माझ्यापर्यंत आलाच नाही. वाऱ्यासंगं बुंदीच्या लाडवांचा वास मात्र पोटभर आला!