चोपन्न ठोके

पाण्यानंच दबकून राहावं अशी एकच व्यक्ती मी भिलाईत पाहिली, ती माझी भाची. बहिणीचं घर चरोद्याला, रेल्वे क्वार्टरमध्ये. पण स्विमिंग पूल आमच्या रुआबांध्याहून जवळ, म्हणून पोरगी सतराव्या वर्षी आमच्याकडे राहायला आली. घरात चालतानासुद्धा भिंतीला हात लावल्याशिवाय वळत नसे. जेवताना दर तिसऱ्या घासाला मान उजवीकडे वळवून श्वास घेई, त्या बाजूला बसलेली माझी बायको दर वेळी "काय वं?" म्हणून विचारी. अंगाला क्लोरीनचा वास इतका, की डासांनी आमचं घर सोडलं. परातभर पोहे एकटी संपवी आणि वर विचारी, "मामीजी, नाश्ता कवा हाय?"

मग पोहे उरू लागले. भरदुपारी गाढ झोपेत चादरीखाली तिचे पाय पाणी मारत. एकदा म्हणाली, "मामाजी, बाजूच्या लेनमध्ये एक पोरगी असते. पाणी हालत नाही तिच्यानं. एक हात पुढंच राहते, थकतच नाही ते." मी हसलो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहायला गेलो. बाजूची लेन रिकामी होती. पण वळताना भाची दर वेळी तिकडे बघे, आणि किंचित कडेला सरके.

आता सांगूनच टाकतो. तिला पोहणं शिकवणाऱ्या सरांचा नियम होता : पहाटे अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहायची. नेहमीपेक्षा दहा ठोके जास्त भरले, तर शरीर थकलंय. त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. मोजण्याचं काम माझं. तिची नाडी नेहमी चोपन्न. त्या महिन्यात मात्र मनगट धरलं की बहात्तर, चौऱ्याहत्तर. पोरगी झोपलेली, आणि उशी चिंब ओली, जणू आत्ताच कुठून तरी पोहून आली आहे. मी चोपन्नच लिहीत गेलो. राज्याच्या संघाची निवड तोंडावर होती, आणि निवड झाली की खेळाडू कोट्यातून रेल्वेची नोकरी. एवढा महिना निघू दे, मग झोपेल पाहिजे तेवढी, असं मी स्वतःला समजावत होतो. सर वही बघून तिला म्हणत, "नब्ज तो ठीक है तेरी. फिर ये नखरे क्यों?"

ती न थकणारी पोरगी रोज पहाटे मीच लिहून पाण्यात सोडत होतो.

निवडीच्या दिवशी भाची अर्ध्या अंतरावर थांबली. बुडाली नाही, रडली नाही. रिकाम्या लेनकडे तोंड करून नुसती तरंगत राहिली, कुणाला तरी पुढं जाऊ दिल्यासारखी. त्यानंतर ती पाण्यात उतरली नाही.

परवा, बारा वर्षांनी, चरोद्याला जाऊन तिला हे सारं सांगितलं. ती मेथी निवडत होती. वाटलं, हाकलून देईल.

"म्हंजे मामाजी," ती हळूच म्हणाली, "मी खरंच थकली होती?"

"हो, बेटा."

"मले तं वाटे, मीच ढोंग करून राहिली."

जुडी तशीच मांडीवर ठेवून तिनं खुर्चीवर मान टाकली आणि डोळे मिटले. बहीण आतून चहा घेऊन आली, तिला हाक मारणार तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं.