राष्ट्रभाषेची सोयरीक

देशाला एक राष्ट्रभाषा असावी की नसावी, या विषयावर कॉलेजात असताना मी दोनदा बोलले. एकदा असावी म्हणून आणि एकदा नसावी म्हणून. दोन्ही वेळा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, त्यावरून माझ्या मतांची किंमत ओळखावी. या विषयावरचा खरा वाद मी पाहिला तो आमच्या पळसदेवच्या ओसरीवर, दादाच्या लग्नाच्या बैठकीत. तिथं बक्षीस नव्हतं. लग्न होणार की मोडणार, एवढंच होतं.

नव्वदीची नुकती सुरुवात झाली होती. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, बारामतीच्या एमआयडीसीत कामाला होता. मशीनमध्ये बोट सापडलं म्हणून तो दवाखान्यात गेला आणि बोट बरं झालं तरी जातच राहिला. पट्टी कशाची बांधतोस रे आता, असं आईनं विचारलं तेव्हा नर्सचा उल्लेख झाला. नर्स तमिळ होती, तिरुनेलवेलीकडची, ख्रिश्चन. आम्ही बौद्ध. वडिलांना सगळा गाव आबा म्हणायचा, आम्हीही. आबांना धर्माचं काही वाटलं नाही, उलट जात कोण विचारतंय म्हणून ते चार लोकांत छाती काढून सांगत सुटले. त्यांना घोर लागला तो निराळाच.

"बैठक कुठल्या भाषेत बशिवायची?"

सोयरिकीची बैठक हा आमच्याकडं साधा प्रकार नसतो. दोन्हीकडची वडीलधारी सतरंजीवर समोरासमोर बसतात, मधोमध एक मध्यस्थ बसतो आणि जे काही ठरतं ते शब्द देऊन ठरतं. बैठकीत दिलेला शब्द फिरवला की माणूस पंचक्रोशीतून उठला. आणि ज्या मुलीचं लग्न ठरतंय, तिनं त्या बैठकीत तोंड उघडायचं नाही. ती आत असते.

आता गंमत बघा. आमची होणारी वहिनी कित्येक वर्षं बारामतीत नर्स होती. काटेवाडीपासून भवानीनगरपर्यंतच्या बायाबापड्यांना सुया टोचता टोचता ती मराठी शिकली होती, तीही पेशंटांची मराठी. म्हणजे कण्हण्याची, कुरकुरीची आणि डॉक्टरला पाठीमागं घालायच्या शिव्यांची. तमिळ तिची आईचीच. अख्ख्या बैठकीत दोन्ही बाजूंची बोली कळणारं ते एकच माणूस होतं, आणि रीत म्हणून त्या माणसाला आम्ही मासे साफ करायला आत बसवलं. एवढी अक्कल फक्त आमच्याच लोकांना असते.

मध्यस्थ म्हणून आबांनी इंदापूरहून हिंदीचे सर आणले. सर भला माणूस. त्यांनी हिंदीच्या सगळ्या परीक्षा दिल्या होत्या, पुढं परीक्षाच उरल्या नाहीत म्हणून ते परीक्षक झाले. मद्रासी असो की पंजाबी, हिंदी सगळ्यांना येते, यावर आबांचा विश्वास होता. उभा जन्म पाटबंधारे खात्यात पाण्याच्या पाळीवरची भांडणं मिटवण्यात गेलेला. आवाज मोठा केला की समोरच्याला कळतं, हा त्यांचा दुसरा विश्वास.

व्याही आणि विहीणबाई रेल्वेनं दौंडला उतरले. दादानं त्यांना जीपमधून आणलं. व्याही शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीची पांढरी लुंगी, इंग्रजी मोजकं आणि स्वच्छ. विहीणबाई बारीक चणीच्या, नाकात दोन्हीकडं चमक्या. त्यांना तमिळशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. आई त्यांच्याकडं बघून हसली, त्याही हसल्या, आणि तिथं दोघींचं बोलणं संपलं. बायकांना म्हणे भाषा लागत नाही. लागते. दोघी तासभर नुसत्या हसत बसल्या आणि दोघींचे गाल दुखले.

सर उठून उभे राहिले. बैठकीत कुणी उभं राहत नाही, पण सरांना बसून हिंदी येत नसावी.

"उत्तर से दक्षिण तक," सर म्हणाले, "हम सबको जोड़नेवाली एक ही कड़ी है, हमारी राष्ट्रभाषा हिंदी. प्रत्येक भारतीय का यह कर्तव्य है..."

व्याह्यांनी हात वर केला, वर्गात पोरानं करावा तसा. मग इंग्रजीत सावकाश सांगितलं की भारताला राष्ट्रभाषा नाही.

"काय म्हणत्यात?" आबांनी विचारलं.

सरांनी ते सांगितलंच नाही. दुभाष्याला स्वतःचं मत असलं की दुभाष्याचं काम बंद पडतं. सर थेट व्याह्यांशी भिडले. हे हिंदीतून, ते इंग्रजीतून. मधे आबा या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत होते. काहीतरी देण्याघेण्यावरून फिसकटलंय असं वाटून ते जोरात म्हणाले, "आमाला कायबी नको, सांगा त्यास्नी. नुस्ती पोरगी द्या." हेही कुणी कुणाला सांगितलं नाही.

शेवटी मीच आबांना भांडणाचं कारण सांगितलं. आबा गोंधळले, मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. आमच्या घरात देव्हारा नाही. जिथं इतरांचा देव्हारा असतो तिथं आमचं संविधान असतं, निळ्या कापडात गुंडाळलेलं, मराठी भाषांतर. आबा उठले, हात धुतले आणि पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

"वाच. हितं सगळं लिवल्यालं हाय."

लग्नाच्या बैठकीत संविधान काढणारं दुसरं घर असलं तर मला ठाऊक नाही. मी शोधून वाचलं. संघराज्याची राजभाषा हिंदी, देवनागरी लिपीत. राष्ट्रभाषा म्हणून कुणाचंही नाव नाही. आणि शेवटी आठव्या अनुसूचीत भाषांची यादी, तीत तमिळही आणि मराठीही. यादीत दोघी आहेत हे ऐकून आबा इतके खूश झाले की मुलीकडचे आणि मुलाकडचे दोन्ही त्यात सापडल्यासारखं त्यांना वाटलं असावं. सर मात्र म्हणाले की राजभाषा आणि राष्ट्रभाषा यात काडीचा फरक नाही, आणि हे त्यांनी व्याह्यांकडं बोट करून म्हटलं.

व्याही उठले. तरुणपणी त्यांनी हिंदीविरुद्धच्या मोर्च्यात पोलिसांची लाठी खाल्ली होती, हे आम्हाला पुढं कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की ते चपला शोधतायत. विहीणबाईंना काय चाललंय ते कळलं नव्हतं, नवरा उठला म्हणून त्याही उठल्या. दादा भिंतीला टेकून पांढराफटक. मला रडू यायला लागलं होतं आणि सरांना चावावंसं वाटत होतं.

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. हाताला खवले चिकटलेले.

"सर, तुमी गप बसा जरा," ती म्हणाली. "आबा, तुमीबी. मगापासनं नुस्ता कालवा चाललाय, इचारलं का कुनी त्यास्नी काय पायजे ते?"

सतरंजीवरची म्हातारी माणसं अवाक झाली. मुलगी बैठकीत बोलली याचा धक्का एक, आणि आपल्या मावशीसारखी बोलली याचा दुसरा. ती वडिलांकडं वळून तमिळमध्ये बोलली, बराच वेळ, चिडून. वडिलांनी उत्तर दिलं ते एकाच वाक्यात.

"काय म्हनले?" आबांनी विचारलं.

"ते म्हणत्यात," वहिनी म्हणाली, "राष्ट्रभाषा कुठलीबी ठेवा. पोरं झाली तर ती माज्या आईशी कशात बोलनार? तिला दुसरी येत न्हाय."

आम्ही सगळ्यांनी विहीणबाईंकडं पाहिलं. आपल्याकडं का बघतायत ते न कळून त्या पुन्हा हसल्या. मला त्यांची फार लाज वाटली, म्हणजे आमची वाटली.

आबांनी व्याह्यांचा हात धरला. "दोनी बोलतील," ते म्हणाले. "माजा शब्द हाय. सांग त्यास्नी." वहिनीनं सांगितलं. व्याही खाली बसले. सरांनी पुढं भाषेचा राग माशांवर काढला, आणि जाताना मध्यस्थाच्या मानाची शाल घेऊन गेले.

शब्द देणं सोपं असतं. लग्नानंतर वहिनीनं इंदापूरच्या दवाखान्यात नोकरी धरली, दादा बारामतीहून शनिवारी यायचा, आणि वर्षभरात मुलगी झाली. वहिनी तिला मराठीत निजवायची. आबांनी हे ऐकलं आणि बिघडले.

"तुजी बोली बोल तिच्यासंगं."

"आबा, घरात येकटीनंच बोलायची म्हंजी येड्यागत वाटतं," वहिनी म्हणाली. हे म्हणताना ती हसत नव्हती.

आबांना ते लागलं. व्यवस्था लावणं हे त्यांचं खातंच होतं, पाण्याची काय नि सोबतीची काय. आमच्या गावावरून पुणे-सोलापूर रस्ता जातो, आणि त्यावर तमिळनाडूचे ट्रक. त्यांची गोल गोल अक्षरं आबांना लांबूनच ओळखू यायला लागली. हॉटेलपाशी ट्रक थांबला की आबा ड्रायव्हरचं मनगट धरून त्याला घरी आणायचे. बिचाऱ्याला वाटायचं, आपण कुणाची तरी म्हैस उडवली. घरात आल्यावर त्याला चहा मिळायचा, समोर एक रांगतं मूल ठेवलं जायचं आणि आबा मोठ्यानं सांगायचे, "बोल." माल पोचवायचा सोडून ते मिशाळ गडी आमच्या ओसरीवर बाळाशी लाडे लाडे बोलत बसायचे. एकजण घरच्या आठवणीनं रडला. एकजण मात्र तेलुगू निघाला, त्यालाही चहा पाजला.

एकदा सर आले होते. राष्ट्रभाषेवर तुमचं काय मत झालं शेवटी, असं त्यांनी आबांना छेडलं. आबा म्हणाले, "सर, येका घरात दोन भाषा संबाळताना माजा जीव मेटाकुटीला आलाय. देशाचं तुमी बगा."

पोरगी चार वर्षांची झाली आणि विहीणबाई राहायला आल्या. तोवर आजी म्हणजे फोनमधला आवाज होता. मला भीती होती की पोरगी लाजेल, आईच्या मागं लपेल. पहिल्या दिवशी लपलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी ओसरीवर शेंगा सोलत होत्या आणि पोरीचं तोंड बंद होत नव्हतं. भरभर तमिळ, हातवारे, डोळे मोठे करून. विहीणबाई उत्तरं देत होत्या, प्रश्न विचारत होत्या, आणि मधेच दोघी कशाला तरी इतक्या हसल्या की शेंगा सांडल्या. त्या बाई एवढ्या बोलक्या आहेत हे मला तेव्हा कळलं. आमच्या घरात त्या फक्त हसऱ्या होत्या.

आबा बाजेवर बसून ऐकत होते. दोघी हसल्या की तेही हसले, मग राहवेना.

"काय म्हंती गं आजी?"

"काय न्हाय आबा," पोरगी मान न वळवता म्हणाली. "आमचं आमचं चाललंय."

आबा थोड्या वेळानं उठून आत आले आणि मी भाकरी करत होते तिथं उंबऱ्यावर बसले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण मला कान द्यावा लागला.

"शब्द पाळला म्या," ते म्हणाले. "पर निम्मी पोरगी हातातनं गेली की गं."

"निम्मी त्यांचीच हुती आबा," मी म्हटलं. "पैल्यापासनं."

बाहेर दोघी पुन्हा हसल्या.

"व्हय," आबा म्हणाले. "पर आज दिसली."