मुलीचे मत

वाणीची अधिष्ठात्री जी शारदा, तिला वंदन करून आणि गोदामाईचे स्मरण करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की, नांदेडातील ज्या बालगृहात मी निवृत्तीनंतर मुलींना स्तोत्रे शिकवितो, तेथील अधीक्षिकाबाईंचा आज सकाळी फोन आला. वार्षिक कार्यक्रम जवळ आला आहे. मुलींची भाषणे नेहमीप्रमाणे आपणच लिहून द्यावीत, अशी त्यांची विनंती होती. मी नाही म्हटले. का, ते फोनवर नीट सांगता आले नाही.

आमच्याकडे रीतच अशी आहे की, समारंभात लेकराने मनोगत सांगावे आणि ते गुरुजींनी लिहून द्यावे. संस्कृतचा शिक्षक म्हणून हे काम मी उभी हयात केले. त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नाही, आणि वाटावे असे कुणी मला म्हटलेही नाही.

गेल्या वर्षी निरोपाचे मनोगत सांगण्याची पाळी बालगृहातील सर्वांत मोठ्या मुलीची होती. ती आणि तिची धाकटी बहीण हिमायतनगरकडच्या. आई गेलेली, वडिलांचा ठावठिकाणा नाही. मोठीला अठरा वर्षे पूर्ण होत होती, म्हणजे बालगृह सोडणे भाग होते. पुढे दोन वाटा होत्या. एक, लातूरचे अनुरक्षणगृह, जेथे अशा मुलींना आणखी काही वर्षे आश्रय मिळतो. दुसरी, नांदेडातीलच एक महिला वसतिगृह, जेथे एक जागा रिकामी होती. तेथे राहिली असती तर दर रविवारी तिला बहिणीला भेटता आले असते. निर्णय घेणारे अधिकारी त्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून यावयाचे होते.

तिने आपले मनोगत स्वतःच वहीच्या पानावर लिहून आणले. मला ते आजही आठवते. ‘माझी बहीन दुसरीला हाय. ती माझ्याबिगर कुनाला वेणी घालू देत न्हाई. मला नांदेडातच ठेवा. न्हाईतर दोघींला संगं लातूरला पाठवा.’ एवढेच.

मी ते वाचले आणि बाजूस ठेवले. मंगल प्रसंगी मागणे शोभत नाही, या संस्कारात मी वाढलेला. त्या ठिकाणी मी आरंभी एक श्लोक घातला, संस्थेचे ऋण वर्णिले, आणि शेवटी असे वाक्य योजिले की, ‘वडीलधारे ज्या दिशेस पाठवतील, ती दिशा मला तीर्थासमान आहे.’ ते वाक्य मला फार साधले असे त्या दिवशी वाटले होते.

तिने चार दिवसांत सारे मुखोद्गत केले. मैत्रिणी तिला चिडवीत, ‘कीर्तनकारबाई, आमच्या गावाला कधी येताव?’ तीही हसे. फक्त तालमीच्या अखेरच्या दिवशी तिने कागद उलटून पाहिला आणि विचारले,

“गुरुजी, बहिणीचं कुठं हाय यात?”

ते व्यासपीठावर बोलावयाचे नसते, मी स्वतः साहेबांच्या कानी घालीन, असे मी तिला सांगितले.

“बोलताव ना?”

मी होय म्हणून मान हलविली.

कार्यक्रमात ती एक अक्षरही चुकली नाही. साहेबांनी श्लोकाच्या उच्चारांची वाखाणणी केली, माझा हात हातात घेतला. चहाच्या वेळी मी बोलू शकलो असतो. परंतु अशी गोष्ट चहाबरोबर काढणे मला उथळ वाटले. रीतसर अर्ज करावा असे ठरविले. अर्जाचा मसुदा तीनदा पालटला. पाचव्या दिवशी तो घेऊन कार्यालयात गेलो, तेव्हा लातूरचा आदेश निघून दोन दिवस झाले होते.

साहेबांनी मला आदराने बसविले. मुलीची इच्छा वेगळी होती, असे मी म्हणताच त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे सरकविली. “गुरुजी, तिचं मत घेतल्याशिवाय आम्ही काही करत नाही. हे बघा, लावलंय.”

‘मुलीचे मत’ या मथळ्याखाली भाषणाची प्रत जोडलेली होती. अक्षर माझे होते.

हे भाषण मी लिहिलेले आहे, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले की, म्हटले तर तिनेच ना, साऱ्यांसमोर. आणि आता आदेश फिरविणे त्यांच्या हाती राहिलेले नाही.

ती गेल्यावर धाकटीने कुणालाही केसांना हात लावू दिला नाही. केसांत जटा झाल्या. महिन्याभराने मी स्तोत्रवर्गास गेलो, तर तिचे केस मुळापाशी कापलेले होते. मुलींचे सारे करणाऱ्या मावशी तिला पुढे करून म्हणाल्या, “भाषण लई गोड झालं हो गुरुजी. साहेब खूश, बाई खूश. अन् हे बघा.”

पुढे मी एसटीने लातूरला गेलो. अनुरक्षणगृहाच्या भेटीच्या खोलीत ती माझ्या पाया पडली. मी जे घडले ते क्रमाने सांगितले: चहा, अर्ज, पाच दिवस, फाइल. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. मी कोरा कागद काढला आणि म्हटले, तू सांग, मी जसेच्या तसे लिहितो.

“आता काय लिवताव, गुरुजी. फोन लावला तर ती बोलायला येत न्हाई. ताई खोटं बोलली म्हन्ती.”

तरी तिने चार ओळी सांगितल्या आणि मी त्या तशाच उतरवून घेतल्या. काना-मात्राही सुधारला नाही. तो अर्ज कार्यालयात दिला, त्याला आता सात महिने होतील. उत्तर आलेले नाही. विचारावयास जातो, तेव्हा सारे उठून मला खुर्ची देतात.

आज अधीक्षिकाबाईंना मी एवढेच म्हणालो की, यंदा पोरींना त्यांचे त्यांना बोलू द्या, पाहुण्यांनाही बसून ऐकू द्या. त्या चिंतेने म्हणाल्या, “काहीबाही बोलतील हो.” बोलू द्या, असे मी पुन्हा म्हटले. मग धाकटीचे विचारले. तिला बोलावयाचे आहे का, असे बाईंनी तिला विचारले होते. तिने नको म्हणून मान हलविली आणि ती अंगणात निघून गेली.

वाचकहो, तुमच्या घरी भावंडे एका पंगतीत जेवोत. लेकरांनी काही मागितले, तर ते पुरते ऐकण्याइतकी उसंत तुमच्या वडीलधाऱ्यांना लाभो. तुमचे अंगण भरलेले राहो, आणि परमेश्वर तुमच्या साऱ्या कुटुंबावर कृपा करो.