फ्रेंचचं तिसरं वर्ष

कमी बोलणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमतात. बोलणारे सांगून मोकळे होतात, आमच्याकडे मात्र साठत राहतं. त्यात मी नवी सून, आणि महाडच्या कॉलेजात फ्रेंच शिकवणारी! आधीचे सर हा विषय सुरू करून मुंबईला निघून गेले आणि लग्न होऊन पुण्याहून इथे आल्या आल्या तो माझ्या पदरात पडला. अजून लग्नाला वर्ष झालेलं नाही, पण साठा माळ्यापर्यंत पोचलाय. थोडा उतरवून ठेवते.

*

सासूबाईंची पंचाईत अशी, की सून काय करते हे एका वाक्यात सांगून भागत नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, "सूनबाई काय शिकवतात?"

"फ्रेंच."

"आणि शिकतं कोण?"

"पोलादपूरकडची मुलं."

 काकू समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "असू दे हो. घरी तर वेळेवर येते ना?"

*

पहिल्या दिवशी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला विचारलं, "फ्रेंच का घेतलं?" मला वाटलं, कुणी आयफेल टॉवर म्हणेल, कुणी नोकरी म्हणेल.

पहिल्या बाकावरचा गणेश म्हणाला, "मॅडम, भूगोलाचा तास सुटेपर्यंत दीडची एसटी जाते. मग थेट चारला."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. निम्मा वर्ग पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतला. विषय निवडताना त्यांनी पुस्तकं चाळली नव्हती, डेपोतला फलक वाचला होता.

वैशाली तेवढी मान न हलवता बसली होती. तास संपल्यावर तिला वेगळं विचारलं.

"मला एसटीचं काय नाय मॅडम," ती म्हणाली. "मराठी पुस्तक उघडलं की घरात सगळे डोकावतात, काय वाचतेस म्हणून. फ्रेंचला कुणी डोकावत नाय."

*

जून लागला की महाडात सामान वर चढतं. दुकानांतला माल माळ्यावर जातो, घरातलं धान्य वरच्या मजल्यावर. सावित्री नदी कधी बाजारात शिरेल सांगता येत नाही, आणि शिरली की ओळख दाखवत नाही.

मला हे ठाऊक नव्हतं. लायब्ररीत गेले तर फ्रेंचचं कपाट रिकामं. लायब्ररीतल्या काकांनी छताकडे बोट केलं. सगळी पुस्तकं गच्चीलगतच्या खोलीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वरून सुतळीने आवळलेली.

"गणपती होऊ देत, मग काढू खाली."

"काका, पण मुलांनी तोवर वाचायचं काय? आणि मराठी-इंग्रजीची तर खालीच आहेत."

"ती भिजली तर दुसरी येतील. तुमची एकदा गेली की पुन्हा कोण देतंय?"

 गणपतीपर्यंत मी मनाने धडे रचून शिकवले. पाणी काही आलं नाही. तरी फ्रेंच आपणच वाचवलं, असं काकांचं ठाम मत आहे.

*

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. प्रसंग ठरलेला: पॅरिसमधलं हॉटेल. सर गिऱ्हाईक, गणेश वेटर.

गणेशने फ्रेंचमध्ये "बसा" म्हटलं, पाणी दिल्याचा अभिनय केला आणि मेनूआधी विचारलं, "आपण कुठले? घरी कोण कोण असतं?"

सर गडबडले. बायको माहेरी गेलीये, असं काहीतरी रचून सांगितलं. गणेश हळहळला. मग सूप झालं, मासे झाले. सरांनी आग्रह सोसत दोनदा पाव घेतला आणि शेवटी बिल मागितलं.

"राहू दे," गणेश म्हणाला. "पहिल्यांदाच आलात."

सरांनी काल्पनिक पैसे पुढे केले. गणेशने ते काल्पनिक खिशात परत कोंबले. हे बरंच चाललं. व्याकरणात एक चूक नाही.

सरांनी भरघोस गुण दिले. जिना उतरताना मला म्हणाले, "मुलगा उत्तम आहे. फक्त हॉटेल टाकू देऊ नका."

*

उन्हाळ्यात प्राचार्यांनी बोलावून घेतलं. तिसऱ्या वर्षाला फ्रेंच ठेवता येणार नाही, कॉलेजला शिक्षक परवडत नाही. पुढे शिकायचं असेल त्यांनी मुंबई गाठावी.

गणेशचे मामा मुंबईत राहतात, त्याची सोय होती. वैशालीची नव्हती. तिच्या घरचा नियम असा, की सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल तेवढंच शिक्षण. मुंबई म्हणजे शिक्षण संपलं. तिला स्थळंही यायला लागली होती.

शोधता शोधता मला कॅनडातली एक संस्था सापडली. तिथल्या काही भागांत चहूकडे इंग्रजी, आणि मधेच फ्रेंच बोलणारी थोडकी घरं. त्यांच्या मुलांना कॉलेजसाठी लांबच्या शहरात जावं लागतं, आणि गेलेली मुलं इंग्रजीचीच होऊन जातात. म्हणून जिथे फ्रेंच एकटी पडलीये तिथे तिचं उच्च शिक्षण गावाजवळच व्हावं, यासाठी ही मंडळी मदत करतात. मी लिहिल्यावर आमच्या तिसऱ्या वर्षाच्या शिक्षकाचा खर्च उचलायला संस्था तयार झाली. मात्र तिथल्या मॅडमना आधी व्हिडिओ कॉलवर इथल्या लोकांकडून ऐकायचं होतं, की फ्रेंच त्यांना हवंय.

"महाडात फ्रेंच हवंय म्हणणारे लोक आणायचे कुठून?" प्राचार्यांनी मला विचारलं.

पालकांना बोलवू, मी म्हटलं. वैशालीने घरी सांगितलं, आणि घरच्यांनी गावकीत.

इकडे मोठी गोष्ट घरात ठरत नाही. देवळात गावकीची बैठक बसते, ठराव होतो, मुंबईत नोकरीला असलेल्या गाववाल्यांचं मंडळ त्याला होकार भरतं, आणि मग तो ठराव मोडायची कुणाची छाती नसते. या गावकीने ठराव केला, की वैशालीचं फ्रेंच महाडातच पुरं झालं पाहिजे. कारण विचारलं तर तिचे वडील म्हणाले, "पलीकडच्या गावात इंजिनिअर हाय, वकील हाय. फ्रेंच कुणी नाय."

*

कॉलच्या संध्याकाळी कॉलेजच्या फाटकात दोन जीप थांबल्या आणि गावकीच उतरली. पुढे आप्पा, वैशालीचे चुलत आजोबा आणि गावकीचे अध्यक्ष. पडद्यासमोर त्यांनी आधी फणस ठेवला, मग स्वतः बसले. कॅनडात सकाळ होती, मॅडम कॉफी पीत होत्या. मॅडमना मुलीचं फ्रेंच ऐकायचं होतं म्हणून दुभाष्याचं काम वैशालीकडे होतं. मी मधे बोलायचं नाही, असं ठरलेलं.

मॅडमनी काही विचारायच्या आधी आप्पांनीच विचारलं, "तुमच्याकडं किती घरं बोलतात ही भाषा?"

"थोडीच उरलीत," वैशालीने उत्तर मराठीत सांगितलं.

"मग शहरात गेलेली पोरं? त्यांचं मंडळ काय करतं?"

मॅडमनी कॉफी खाली ठेवली. मंडळ असं काही नाही, म्हणाल्या. मुलं सणालाही येत नाहीत.

"मग पालखी कोण उचलतो?"

पालखी म्हणजे काय, हे वैशालीने बराच वेळ समजावलं. मॅडम ऐकत राहिल्या. नंतर खिडकीकडे बघत त्यांनी काहीतरी हळू विचारलं. वैशाली आप्पांकडे वळली.

"मॅडम म्हणतात, तिसरं वर्ष देते. पण अट हाय. जी बैठक एका पोरीच्या फ्रेंचचा ठराव करते, त्या बैठकीत त्यांना एकदा येऊन बसायचंय. चालेल का?"

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाईंला सांग, गावात या. महिनाभर राहा, कोंबडं कापू. पण गावकीत बाया बसत नाय. रीत नाय ती आपली."

गावकीने माना डोलावल्या. प्राचार्य पंख्याकडे बघू लागले. पडद्यावर मॅडम वाट बघत होत्या. 

वैशालीने ओढणी सारखी केली, माइकजवळ सरकली आणि स्वच्छ फ्रेंचमध्ये म्हणाली, "नक्की या म्हणतायत. शिमग्याला मोठी बैठक असते. तुम्ही माझ्या शेजारी बसा."

मॅडम दिलखुलास हसल्या. म्हणाल्या, ठरलं.

आप्पा तिच्याकडे झुकले. "काय सांगितलंस गो बाईंला?"

वैशाली माझ्याकडे बघायला लागली. मग आप्पाही माझ्याकडे बघायला लागले.

"तुम्ही सांगितलंत तेच," मी म्हटलं.

"राग नाय ना आला त्यांना?"

"नाही आप्पा. लगेच मान्य केलं."