नयनाचा राहिलेला नाताळ

फोन आला तेव्हा मी बेकरीच्या भट्टीपाशी उभी होते. पनवेलमधल्या आमच्यासारख्या मोजक्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये नाताळचे केक आणि नानकटाई अजूनही भट्टीतूनच भाजून आणतात, घरी ओव्हन असला तरी. दुपारी पावांची घाई ओसरली की बायका आपापले डबे घेऊन तिथे बाकावर बसतात, कुणाच्या केकमध्ये काय घातलंय त्याच्या चौकशा होतात. त्या दिवशी माझ्या डब्यांबरोबर नयनाचेही डबे होते. नयना माझी भावजय, माझ्या धाकट्या भावाची, विनयची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सकाळी डबे घ्यायला तिच्या घरी गेले तर ती पोटाशी उशी धरून बसली होती. म्हणाली, "ताई, आज तुमीच जा. पोट जरा दुखतंय माजं. पन केक भट्टीतून निघाला की लगेच फोटो पाठवा." मी फोटो काढला, पाठवलाही. आणि मग विनयचा फोन आला. तो रडत नव्हता, ओरडत नव्हता. हॉस्पिटलचं नाव सांगून एवढंच म्हणाला, "ताई, ये. नयना बोलत नाहीये."

मी डबे तिथेच टाकून रिक्षात बसले. पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. एक तरुण डॉक्टरीणबाई विनयला समजावून सांगत होत्या आणि तो शाळेतल्या मुलासारखा मान हलवत होता. गर्भ पिशवीत न वाढता नळीत वाढत होता, ती नळी फुटली, पोटात रक्त साचत गेलं... पोटात दुखतंय म्हणून नयनाने पित्ताची गोळी घेतली होती, उशीला टेकून पडून राहिली होती. तिला दिवस गेलेत हे विनयला माहीत नव्हतं. तिलाही माहीत नव्हतं. रक्त तपासणीच्या केंद्रात ती कामाला होती, सकाळपासून लोकांच्या दंडाला पट्टी बांधून रक्त काढायची, आणि स्वतःची साधी तपासणी करायचं तिच्या मनात आलं नाही. डॉक्टरांचं बोलणं थांबल्यावर विनय म्हणाला, "म्हणजे बाळ होतं?" बाई "हो" म्हणाल्या. आपण बाप होणार होतो हे माझ्या भावाला कळलं ते असं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लोक मला सांगतात की लिही, लिहिलं की बरं वाटेल. मला तसं वाटत नाही. पण तिला ओळखणारी माणसं फार थोडी होती, आणि त्यातलीही निम्मी तिच्यावर रागावलेली होती, म्हणून लिहिते आहे.

नयना उरणची, कोळ्यांची मुलगी. वडिलांची होडी, आई बाजारात मासळी विकायला बसते. घरात शिकलेली पहिली तीच. विनय तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत प्रयोगशाळेत आहे. कंपनीतल्या लोकांची वर्षाची तपासणी होते, त्यासाठी तो तिच्या केंद्रावर गेला आणि तिने सुई टोचल्या टोचल्या चक्कर येऊन खुर्चीवरून घसरला. ती हा प्रसंग सगळ्यांना रंगवून सांगायची, विनय शेजारी बसून हसायचा. दोन वर्षांनी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तिचे वडील आले नाहीत. आई आली, पण कार्यालयाच्या बाहेरच उभी राहिली, लेकीच्या डोक्यात अबोलीची वेणी माळली आणि परत गेली. आमच्या घरीही सारं आनंदात होतं असं नाही. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. सुनेने आधी बाप्तिस्मा घ्यावा असं तिला वाटत होतं. नयनाने तिला सरळ सांगितलं, की मला आधी समजू द्या, नुसतं नवऱ्यासाठी म्हणून मी काही घेणार नाही. आईला ते उत्तर आवडलं नाही, पण खोटंही वाटलं नाही.

जुन्या पनवेलमध्ये, तळ्यापासून जवळ, एका जुन्या इमारतीत त्यांनी खोली आणि स्वयंपाकघर असं घर भाड्याने घेतलं. भिंतींना पोपडे आले होते. रंगारी बोलवायचा तर वाट पाहावी लागणार म्हणून दोघांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच रंग लावला. पिवळा म्हणून आणलेला रंग सुकल्यावर असा काही भडक निघाला की विनय घरात शिरताना डोळे मिचकावायचा. नयना म्हणायची, आमच्या होड्या अशाच असतात, सवय होईल. बाहेरच्या खोलीत विनयने बाबांचा लाकडी क्रूस लावला. स्वयंपाकघरात, डब्यांच्या वरच्या फळीवर, तिने एकवीरा आईची तसबीर ठेवली. आई पहिल्यांदा घर बघायला आली तेव्हा मी धास्तावलेलीच होते. आईने तसबीर पाहिली. नयनाने चहा आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, तुमाला चालत नसंल तर तुमी येताना मी पडदा ओढत जाईन. पन काढनार नाय." आईने चहा संपवला. त्यानंतर आई तिथे कितीदा गेली, पण पडदा कधी लागला नाही. दिवाळीनंतर आईने स्वतःच्या हाताने विणलेला टेबलावरचा रुमाल तिला दिला. आमच्या आईकडून एवढं मिळवायला मला माझं सगळं लहानपण लागलं होतं.

नाताळची तयारी नयनाने नोव्हेंबरातच सुरू केली. आम्ही जन्माचे ख्रिस्ती, आमच्या घरात त्या सणाची सवय झालेली. तिला मात्र सगळं विचारायचं असायचं. काजू-बेदाणे आधीपासून भिजवून का ठेवायचे, उपासनेला पहाटे का जायचं, चांदणीचा कंदील दारात नक्की कुठल्या बाजूला. करंज्या-शंकरपाळ्या आम्हीही नाताळला करतो हे कळल्यावर तिला हायसं वाटलं. विनय पाळीवरून आला की त्याला स्टुलावर उभं करून ती कागदाच्या माळा लावून घ्यायची, वाकडी माळ काढून पुन्हा लावायची. शेजारणी दाराशी उभ्या राहून बघायच्या. मी त्या घरात गेले की वाटायचं, आपल्या घरी सण येतो, इथे तो घडवला जातोय...

गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, करायचं तिने मनावर घेतलं होतं. बाळ येशू, मरिया, मेंढपाळ अशी मातीची चित्रं मी आमच्या घरातली तिला दिली. एका रविवारी गेले तर गोठ्याच्या बाजूला निळा कागद अंथरून तिने खाडी केलेली, आणि त्यावर पुठ्ठ्याची होडी, होडीवर खऱ्या जाळ्याचा तुकडा. मी हसले. ती गंभीरपणे म्हणाली, मेंढपाळ आले तर कोळी पण आलेच असतील, त्यांना काय बोलावणं नव्हतं? तेव्हा विनयने तिला सांगितलं की येशूने पुढे आपले पहिले सोबती निवडले ते मासे मारणारेच होते, जाळी टाकून त्याच्या मागे गेलेले. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "हे मला आदी का नाय सांगितलं कुनी?" आणि आमच्यादेखत तिने फोन उचलून वडिलांना लावला. लग्नानंतर पहिल्यांदाच. तिने "बाबा, मी नयना" असं म्हणून एका दमात ते सगळं सांगितलं, की यांच्या देवाचे पहिले साथीदार कोळी होते, आणि मी गव्हाणीत होडी केली आहे, आणि नाताळला तुम्ही या. पलीकडून काहीच आवाज नव्हता. तिने फोन खाली ठेवला. आम्ही काही विचारायच्या आतच म्हणाली, बोलले नाहीत, पण मी बोलेपर्यंत फोन कापलाही नाही. त्या एवढ्याशा गोष्टीवर ती दिवसभर खूश होती.

हॉस्पिटलच्या जिन्यावर मी तिच्या वडिलांना पहिल्यांदा पाहिलं. उंच, उन्हाने रापलेला माणूस, पायात चपला नाहीत, बहुतेक तसेच निघाले असावेत. मागे तिची आई, दोन बायकांनी धरलेली. नयनाला कुठे न्यायचं हा प्रश्न तोवर आमच्यासमोर उभा होता. विनयला तिला इथेच ठेवायचं होतं, आमच्या बाबांच्या कबरीशेजारी, म्हणजे रोज जाता आलं असतं. पण तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. आमच्या चर्चचे पाळकसाहेब भले माणूस, ते नाही म्हणाले नाहीत, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांशी बोलतो म्हणाले. तेवढ्यात तिचे वडील विनयसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी दोष दिला नाही, आवाज चढवला नाही. म्हणाले, "माजी पोर हाय. मी तिला घरी नेतो." मग ते पुढे म्हणाले, "नाताळला येनार होतो मी. तिला सांगितलं नव्हतं." आणि विनयने मान हलवली. त्या वाक्यानंतर तो नाही म्हणूच शकला नसता.

उरणला सगळं त्यांच्या पद्धतीने झालं. आम्ही तिघं एका बाजूला उभे होतो, आईच्या हातात बायबल होतं पण तिने ते उघडलं नाही. कोळणींचं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. एकीने हाक घालायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, आणि त्या हाकांमध्ये नयनाचं सगळं लहानपण येत होतं, तिने पोहायला शिकताना कुणाचा हात धरला होता, कुठल्या पायरीवर पडून गुडघा फोडला होता. ती आपल्याला किती थोडी ठाऊक होती हे मला तिथे कळलं. अग्नी द्यायची वेळ आली तेव्हा तिच्या वडिलांनी विनयकडे पाहिलं आणि "तू पन ये" म्हणाले. दोघांनी मिळून दिला. नंतर राख घेऊन होडी समुद्रात गेली, विनय गेला, परत आला तो ओला आणि रिकाम्या हातांनी.

नाताळचा दिवस यायचा तो आलाच. आई म्हणाली, उपासनेला जायला हवं, आपण गेलो नाही तर कुणाकडे जाणार. आम्ही गेलो. पाळकसाहेबांनी नयनाचं नाव घेऊन प्रार्थना केली, लोकांनी विनयचा हात हातात घेतला, कुणी म्हणालं देवाची योजना आपल्याला कळत नाही. मी आयुष्यभर हे वाक्य दुसऱ्यांना सांगत आले आहे. त्या दिवशी ते कानावर पडलं तेव्हा काहीच वाटलं नाही, रागसुद्धा आला नाही. उपासनेनंतर आमच्या रिवाजाप्रमाणे आम्ही बाबांच्या कबरीवर फुलं वाहायला आणि मेणबत्ती लावायला गेलो. सगळीकडे माणसं होती. कुणी आपल्या आजोबांची कबर धूत होतं, कुणी मुलांना नावं वाचून दाखवत होतं. विनय फाटकातच थांबला. मी मागे वळून त्याला बोलवायला गेले. त्याच्या हातात एक मेणबत्ती होती, आमच्यापेक्षा वेगळी आणलेली. तो म्हणाला, "ताई, मी ही कुठे लावू?"

समुद्रावर मेणबत्ती टिकत नाही. तो नंतर एकटा उरणला जाऊन आला, हे मला त्याच्या सासूबाईंच्या फोनवरून कळलं. तो वाळूत बराच वेळ बसला होता, आणि तिच्या वडिलांनी होडी ओढता ओढता त्याला पाहिलं आणि येऊन शेजारी बसले होते. दोघांकडे एकमेकांना द्यायला काही नव्हतं. ज्या माणसाने त्यांना जोडलं असतं तेच गेलेलं.

विनय आता आमच्याकडे राहतो. पाळीवर जातो, येतो, ताटात वाढलेलं खातो. रंगवलेलं घर मात्र त्याने सोडलेलं नाही. गेल्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर तिथे गेले, म्हटलं निदान स्वयंपाकघर आवरू. फ्रिजच्या बर्फाच्या खणात लहान लहान डबे होते. उघडून पाहिलं तर सोललेली कोळंबी, हळद-मीठ लावून ठेवलेली. नाताळच्या जेवणासाठी तिच्या आईने पाठवली असणार आणि तिने लगेच साफ करून ठेवली असणार. एकूण एक कोळंबीची शेपटी तशीच ठेवलेली होती. विनयला शेपटी धरून खायला आवडते म्हणून. मी म्हटलं, विनय, आता हे टाकायला हवं. त्याने माझ्या हातातून डबे घेतले, एकावर एक होते तसे परत लावले आणि खणाचं दार बंद केलं.

तेव्हापासून आमच्या भागात वीज गेली की, ती त्या घरातलीही जाते म्हणून, तो अस्वस्थ होतो. परवा आम्ही दुपारचे जेवायला बसलो होतो आणि पंखा थांबला. विनयने पानातला घास तसाच ठेवला, हात धुतले आणि चपला शोधू लागला. कोळंबी किती दिवस टिकते हे मला ठाऊक आहे. आईलाही ठाऊक आहे. कुठे निघालास, असं आईने त्याला विचारलं नाही. ती उठली, आमच्या फ्रिजमधला सगळा बर्फ काढला, पिशवीत भरला आणि पिशवीला गाठ मारून ती त्याच्या हातात दिली.