वंशावळ माझी, माणसं तिची

माझ्या चुलत बहिणीला म्हाताऱ्या माणसांशी बोलता येतं. वाक्य साधं आहे, पण गेल्या वर्षभरात त्यानं मला जितकं पोळलं तितकं दुसऱ्या कशानं पोळलं नाही. ती काकांची मुलगी, माझ्याहून लहान, गावातच वाढलेली. मी धाराशिवात वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. गावी गेले की मला बसायला खुर्ची मिळते आणि तिला चुलीपासून हाक मिळते.

वंशावळीची कल्पना मात्र माझी होती. आमची भावकी मोठी आहे. कुठं कुणी गेलं की घरात सांगितलं जातं, आपल्याला सुतक आहे, आणि आपण ते धरतो. पण गेलेला माणूस आपला नक्की कोण, हे माझ्या वयाच्या एकालाही सांगता येत नव्हतं. मी ठरवलं की खापरपणजोबांपासून आजच्या बाळापर्यंत सगळं झाड काढायचं, त्याचा मोठा फ्लेक्स करायचा आणि येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात लावायचा. त्या दिवशी झाडून सगळी भावकी शेतातच जेवायला असते. मला तेव्हा एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी फ्लेक्ससमोर थांबून विचारावं, 'ह्ये कुणी केलं?' आणि सगळ्यांची बोटं माझ्याकडं वळावीत.

सुरुवात थोरल्या आजींपासून केली. माझे आजोबा तिघे भाऊ, त्यांतल्या थोरल्यांची ही बायको. आता त्या पिढीतलं घरात त्यांच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. सोबत बहिणीला नेलं, कारण एकटीनं जायला मला संकोच वाटत होता.

"आजी, पणजोबांचं पूर्ण नाव काय होतं?" मी विचारलं.

आजींनी माझ्या हातातल्या पेनाकडं पाहिलं, मग दाराकडं. "आता काय म्हाईत, बाई," त्या म्हणाल्या.

बहीण खळखळून हसली. "अगं, सासऱ्याचं नाव सांगत्याल व्हय त्या?" ती आजींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली, त्यांच्या पुढ्यातलं हुलग्याचं सूप स्वतःकडं ओढलं आणि खडे वेचत म्हणाली, "आजी, वेशीपशी गिरणी हाय न्हवं? त्या गिरणीवाल्याचं नाव त्येच का?"

आजींनी मान हलवली. न्हाय.

"मग देवळातल्या गुरवाचं?"

"आत्ता कसं!" आजींचे डोळे हसले. "त्याच्याच नावाचे."

"आन् तुमच्या सासूबाईंचं?"

"तुझ्या आत्याचं जे हाय त्ये. तिलाच तर ठिवलं."

असं करत करत त्या दोघींनी एकही नाव न उच्चारता एक पिढी उलगडली. मी लिहून घेत होते. निघताना आजींनी तिच्या ओढणीत शेंगा बांधल्या, आणि माझ्याकडं बघून तिलाच विचारलं, "हिला आमच्यातला गुळाचा चहा चालतो का गं?"

मी समोरच बसले होते.

परत येताना ती स्कूटीवर मागं वळून बडबडत होती, "ताई, काय मज्जा आली न्हाय?" आणि मी हो हो म्हणत होते. मला मजा आली नव्हती. माझा प्रश्न चुकला होता आणि तिचा बरोबर निघाला होता. तिनं तो ठरवूनही आणला नव्हता, ह्याचा मला जास्त राग होता.

पुढच्या वेळी मी तिला न सांगता गेले. गिरणीवाला, गुरव, सगळं पाठ करून गेले. आजी उन्हात बसल्या होत्या. मी खाली बसले, सूपही ओढून घेतलं. बऱ्याच वेळानं मी विचारलं की तिसऱ्या भावाचं, म्हणजे सगळ्यात धाकट्या आजोबांचं, कुणीच काही बोलत नाही, त्यांचं काय झालं?

आजींनी माझ्या पुढ्यातल्या सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाल्या, "धाकल्या भाऊजींच्या नावानं मामंजींनी आंघोळ केली. वढ्यावर जाऊन. आमी बायकांनी बी डोईवरनं पाणी घेतलं. त्या दिवशी घरात चूल न्हाय पेटली."

त्यांनी पदर डोळ्याला लावला. मी पुढं काही विचारलं नाही. मला वाईट वाटलं, हे खरं आहे. पण आजी हे मला, एकटीला बोलल्या, ह्याचा आनंद त्याहून मोठा होता. बहिणीला मी हे सांगितलं नाही. बाबांनाही दाखवलं नाही. सगळ्यांनी पहिल्यांदा शेतातच बघावं असं मनात होतं. लॅपटॉपवर मी धाकट्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' लावलं, त्यांच्याखालची फांदी तिथंच बंद केली आणि फाइल फ्लेक्सवाल्याला पाठवून दिली.

येळवशीला फ्लेक्स कडब्याच्या कोपीशेजारच्या कडुलिंबाला बांधला. पांडवांची पूजा झाली, शेंगभाज्यांच्या भज्जीची आणि आंबिलाची भांडी उघडली, आणि माणसं खरंच फ्लेक्ससमोर गोळा झाली. जो तो आपलं नाव शोधत होता. पोरं नावावर बोट ठेवून फोटो काढत होती. मी थोडी लांब, बांधावर उभी होते. आता कुणीतरी विचारेल, असं वाटत होतं.

तेवढ्यात एक चुलते धाकट्या आजोबांच्या नावावर बोट ठेवून मोठ्यानं हसले. "आरं, ह्यास्नी कवा पोचवलं? म्हातारा तिकडं ढोकी गावात खुटखुटीत हाय की! परवा कारखान्याच्या फाटकापशी माझ्यासंगं च्या पिला त्येनं."

"जित्ता माणूस मारला व्हय!" कुणीतरी म्हणालं.

"इंग्लिश मीडियम हाय, तितं मारत असत्याल," आणखी एक. सगळे हसले. वाईट हेतूनं नाही, पण हसले.

बाबा जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, बांधावरून भांडण झालं होतं. धाकट्या काकांनी त्यांचा हिस्सा बाहेरच्याला विकला. म्हणून माझ्या आजोबांनी त्यांच्या नावानं आंघोळ केली. तू आम्हाला मेलास, असं. मी तेव्हा लहान होतो." मग म्हणाले, "मला दाखवायचं तरी होतंस."

मी काही बोलायच्या आत बहिणीनं स्कूटीची किल्ली घेतली. "आसं हाय व्हय? मग आणतेच त्यांना. त्यांच्या त्यांनीच खोडू द्या ते कै.!" कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. ज्यांनी आंघोळ केली होती त्यांतल्या एकट्या थोरल्या आजीच उरल्या होत्या, आणि त्या खाली बघून भाकरीचा तुकडा मोडत होत्या.

दुपार कलली तेव्हा ती परत आली. तिच्या मागं, तिच्या खांद्याला धरून, पांढरा पटका बांधलेले, लांब पायांचे एक म्हातारे बसले होते. खाली उतरून ते फ्लेक्ससमोर गेले, डोळे बारीक करून आपलं नाव वाचलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. रडतात की काय असं वाटलं. ते हसत होते.

थोरल्या आजींनी पदर पुढं ओढला आणि आंबिलाचा तांब्या उचलला. "घ्या, भाऊजी."

"मेलेल्या माणसाला आंबिल देता व्हय, वैनी?"

"मेल्यालाच तर आदी देत्यात. घ्या गुमान."

सगळं शेत हसलं. मग आजोबांनी विचारलं, अगदी त्याच शब्दांत, "ह्ये कुणी केलं?"

"बहिणीनं केलंय माझ्या," ती म्हणाली, "ह्या ताईनं. समदं एकटीनं." आणि तिनं मला दंडाला धरून पुढं ओढलं.

मला हवं होतं तेच झालं, आणि तेही तिनं दिलं. एखाद्याच्या पानात भाकरी टाकावी इतक्या सहज दिलं. मला तेही नको झालं. आजोबा माझ्याकडं बघून "बेस, बेस" म्हणाले आणि लगेच तिच्याकडं वळून सांगू लागले की ढोकीला त्यांना मुलं किती, नातवंडं कोणकोण, कोण कारखान्यावर आहे. मी फोनमध्ये उतरवून घेत होते. जाताना ते तिला म्हणाले, "ये की घरी." ती म्हणाली, "आमी दोघी येतो, आजोबा."

मी एकटी गेले. पुढच्याच आठवड्यात, तिला न कळवता. एकदा तरी एखाद्या म्हाताऱ्या माणसानं माझ्याकडं बघून बोलावं, एवढ्यासाठी. ढोकीत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, घर सापडायला वेळ लागला. आजोबा ओट्यावर बसले होते. मला पाहून ते उठले, माझ्या मागं रस्त्यावर पाहिलं आणि म्हणाले, "ती दुसरी कुठंय?"

"ती कामात आहे," मी म्हणाले.

"बरं, ये. बस."

ते बोलले, पुष्कळ बोलले. आईच्या हातची भाकरी, ओढ्यातले मासे, भांडणाची सकाळ. गावाकडून आंघोळीची बातमी आली, तेव्हा हे इथं ऊस तोडत होते. "म्या बी मग हातपाय धुतलं, आन् परत कामाला लागलो," ते म्हणाले. मधेच दोनदा विचारलं, त्या पोरीचं लगीन ठरलं का? मी दोन्ही वेळा नाही म्हणाले आणि पुढचा प्रश्न विचारला. तो पुस्तकी मराठीतच होता. त्यांनी त्याचं उत्तर दिलं.

तेवढ्यात तिचा फोन आला. "कुठंयस, ताई?"

"ढोकीला."

ती गप्प झाली. ती गप्प झालेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग म्हणाली, "आजोबांकडं? मला न सांगता?" आणि जरा थांबून, "तुझं बरं हाय बाई. मनात आलं की निघालीस. मला इथं दोन म्हशी आन् सगळ्यांचा सैपाक. तुझ्या त्या फ्लेक्सवर बी तुझंच समदं. मला एक अक्षर टाइप करता येत न्हाय तुझ्यावानी."

तो सूर मला चांगलाच ओळखीचा होता. वर्षभर तो माझ्या आत वाजत होता. तिच्या तोंडून ऐकताना मला बरं वाटलं. तिला समजावायला हवं होतं, पण मला तो अजून थोडा ऐकायचा होता, म्हणून मी काहीच बोलले नाही.

"तीच का?" आजोबा हात पुढं करत म्हणाले. "दे हिकडं."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांच्यासमोर धरला. हातात मात्र दिला नाही.