ताईच्या गालांवरचे चट्टे

मला पोचवायला हिवरखेडहून सगळे अकोल्याच्या स्टेशनावर आले होते. सकाळची मुंबईची गाडी, तिथून पुढे विमान. बाबा डब्यात चढून माझ्या बॅगा साखळीनं बांधत होते. आई खिडकीतून चिवड्याचा डबा आत सरकवत होती. माझी थोरली बहीण मंदाताई दोन वर्षांच्या प्राचीला कडेवर घेऊन जरा मागे, उन्हात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तिच्या नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टे पसरले होते. ते काय असू शकतं, हे त्या फलाटावर फक्त मला माहीत होतं.

मी अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केली. शेवटच्या वर्षाच्या पुस्तकात एका आजाराचा फोटो होता. ल्युपस. रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी जंतूंशी लढायचं, तर या आजारात त्या आपल्याच शरीरावर उलटतात. सांधे सुजतात, बारीक ताप राहतो, गालांवर फुलपाखरासारखे चट्टे उठतात आणि उन्हानं वाढतात. ताईला चार महिन्यांपासून सकाळी हाताची मूठ वळवता येत नव्हती. भाकरी थापताना ती मध्येच थांबून बोटं दाबायची. गावातले डॉक्टर म्हणाले, वात आहे.

"ताई, एकदा अकोल्याला दाखवून ये ना," एवढंच मी म्हणाले होते.

"कायले? पऱ्हाटीत कापूस वेचता वेचता उन्हानं होऊन राह्यलं हे. तू जाय निवांत."

मीही लगेच ते पटवून घेतलं. आजाराचं नाव काढलं असतं तर घर हादरलं असतं. बाबांनी मला थांबवलं असतं, आणि जर्मनीतली पीएच.डी.ची जागा काही माझी वाट पाहत थांबली नसती. मी कुठे डॉक्टर आहे, असं स्वतःला सांगत मी गाडीत बसून राहिले. गाडी हलली तेव्हा ताईनं प्राचीचा हात धरून मला टाटा करायला लावलं.

दोन वर्षांनी बाबांचा फोन आला. ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं इंग्रजी नाव त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं आणि विचारलं, "हे काय असते बाई? तुले मालूम आहे काय?"

"पाहून सांगते," मी म्हणाले.

मी पोचायच्या आधीच ताई गेली.

जर्मनीत परत आल्यावर मी संशोधनाचा विषय बदलून घेतला. तेव्हापासून मी याच आजारातल्या पांढऱ्या पेशी पाहते. त्यांतल्या काही पेशी मरताना स्वतःच्या आतले धागे बाहेर फेकतात, जंतू अडकवायला टाकलेल्या जाळ्यासारखे. ते धागे शरीराला परके वाटतात आणि त्यांच्यावरच नवा हल्ला सुरू होतो. शरीराबाहेर या पेशी जेमतेम दिवसभर टिकतात, म्हणून रोज ताजं रक्त लागतं. तुलनेसाठी निरोगी रक्त मिळालं नाही तर मी बाही वर करते. मायक्रोस्कोपखाली माझ्या पेशी शांत पसरलेल्या दिसतात. आम्ही एकाच आईच्या. मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसते.

मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर, ताईमागे आमच्या आईकडेच वाढलेली प्राची पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून पीत होती. सतरा वर्षांची मुलगी. मी विचारलं, "काहून गं, असा काय धरला ग्लास?"

"बोटं दुखून राह्यली मावशी. होईल बरं."

चौथ्या दिवशी मी हिवरखेडात होते आणि पाचव्या दिवशी तिला घेऊन अकोल्याला. या वेळी डॉक्टरांसमोर आजाराचं नाव मीच घेतलं. तपासणीत तेच निघालं, पण फार लवकर कळलं. गोळ्या चालू आहेत, किडन्या चांगल्या आहेत. प्राची आता अमरावतीला कॉलेजात शिकते.

त्याच मुक्कामात, दुपारी प्राची झोपलेली असताना, मी आईला सगळं सांगितलं. फलाट, पुस्तकातला फोटो, माझं गप्प बसणं. आई हरभरे निवडत होती. तिचे हात थांबले. ती रडली नाही, मला बोललीही नाही. सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "प्राचीले सांगू नोको. तिले तू हायस म्हणून धीर आहे." आणि सूप उचलून आत गेली.

माझ्यासारखंच गाव सोडून आलेलं इथलं कुणी ना कुणी मला विचारतं, घराची आठवण येते का. काय सांगू? जिथे माझं खरं एका माणसाला ठाऊक आहे आणि ते माणूस अजूनही दर रविवारी फोन करून "जेवली काय?" विचारतं, ते माझं घर. मी हो म्हणते. प्राची सुटीला आलेली असली की फोनवर आईच्या मागून ओरडते, "मावशी, कवा येतं तू?" तिचा आवाज हुबेहूब ताईचा झाला आहे.